आयलें गो?

ऑक्टोबरच्या उकाड्यात जेवून उठल्यावर माणसाने सरकारी फॉर्म भरायला बसू नये. पण बोटाचा ठसा घेणारं यंत्र मावसभावाकडून मागून आणलेलं, आणि ते त्याला संध्याकाळी परत हवं होतं. बाबांचा हयातीचा दाखला द्यायचा होता. इतर पेन्शनवाल्यांना नोव्हेंबर उजाडावा लागतो, ऐंशी उलटलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, “बरं आहे, आमची त्यांना घाई.”

यंत्र लॅपटॉपला जोडलं. लॅपटॉप उघडला. कोपऱ्यात वाय-फायच्या पंख्यावर पिवळा त्रिकोण. बाण नेऊन ठेवला तर अक्षरं उमटली, जोडलेलं आहे, इंटरनेट नाही. जोडलेलं आहे, पण बोलणं नाही. असली जोडपी आमच्या वाड्यावर दोन-तीन आहेत, त्यामुळे मी फारशी दचकले नाही.

मग सगळे करतात ते सगळं केलं. विमानाचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलंय का पाहिलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. सोप्यावर जाऊन राउटरची वायर काढली, तीस आकडे मोजले, पुन्हा लावली. तीसच का, माहीत नाही. लहानपणी लपाछपी खेळताना जेवढे मोजायचो तेवढेच मोजते. शेवटी विंडोजलाच म्हटलं, तूच शोध बाबा तुझं दुखणं. ठिपके गोल गोल फिरू लागले. देवीला पाकळ्या लावून कौलप्रसादाची वाट बघत बसावं तशी मी बसले, उजवी पडते की डावी. कोणतीच पडली नाही. ‘समस्या आढळली नाही.’

बंगळुरूला भावाला फोन लावला. तो कंप्युटरातला आहे. “बंद करून चालू केलंस?” एवढं शिकायला त्याने चार वर्षं हॉस्टेलची खानावळ खाल्ली. मग म्हणाला, काळी खिडकी उघड, अमुक टाइप कर, आकडे वाच. मी वाचले. एकशे एकोणसत्तर, टिंब, दोनशे चोपन्न. “हां,” तो म्हणाला, “म्हणजे राउटरने तुला पत्ताच दिलेला नाही. कुणी पत्ता दिला नाही की विंडोज स्वतःच असला एक पत्ता लावून घेतो.” मला त्या लॅपटॉपची एकदम दया आली. दारावर स्वतःच्या हाताने पाटी लिहून बसलाय बिचारा, आणि पोस्टमन काही येत नाही.

“पण फोनवर चालतंय,” मी म्हटलं. फोनचं काय, तो भिंतीआड गेला की गुपचूप सिमवर उडी मारतो आणि काही झालंच नाही असा चेहरा करतो.

भिंत हीच आमची अडचण. गोव्यात म्हार्दोळजवळचं आमचं घर जुनं, चिऱ्यांचं. भिंती हात-दीड हात जाड, चार महिने पाऊस पिऊन ऑक्टोबरातही पुरत्या न सुकलेल्या. राउटर सोप्यावर, आणि मी मागच्या खोलीत, कारण टेबल तिथे आहे. मध्ये दोन भिंती आणि राजांगण, म्हणजे घराच्या पोटातलं उघडं अंगण. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो म्हणे, एक २.४ गिगाहर्ट्झ, एक ५. पाचवाला वेगाने धावतो पण भिंत दिसली की हात टेकतो. दुसरा रेंगाळत का होईना, आत येतो. माझा लॅपटॉप हटकून पाचलाच चिकटलेला. “ते नेटवर्क विसर म्हणून सांग त्याला,” भाऊ म्हणाला. सांगितलं. विसरला. माणसांना हे बटण नसतं, असा काहीतरी विचार येऊ लागला होता तेवढ्यात त्याने पासवर्ड मागितला.

पासवर्ड कुणाला माहीत! भावाने गेल्या चतुर्थीला येऊन टाकला होता. “बाबांच्या स्कूटरचा नंबर,” तो म्हणाला, “जुन्या स्कूटरचा. नंतर एक शून्य जोड, आठ अक्षरांखाली घेत नाही ते.” आणि त्याला मीटिंग आली.

सोप्यावर बाबा आरामखुर्चीत. कानातलं यंत्र दुपारी काढून ठेवतात, बॅटरी वाचते म्हणून. मी मागच्या खोलीतूनच ओरडले. चिऱ्यांनी माझा आवाजही गिळला. राजांगणात येऊन ओरडले तेव्हा कुठे पोचला. औषध घेतलं की नाही हे त्यांना आठवत नाही, पण स्कूटरचा नंबर एका दमात सांगितला. जीडीपासून सुरू होणारा, जीए यायच्या आधीचा. सांगून झाल्यावर तिकडूनच विचारलं, “आयलें गो?”

आणि मी राजांगणात तुळशीजवळ तशीच उभी राहिले.

कारण ही जागा भावाची. आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा अँटेना कौलांवर होता. मागे डोंगर, त्यामुळे एकाच निवेदिकेच्या तीन निवेदिका दिसायच्या, एकीमागे एक, फिकट होत गेलेल्या. वारा सुटला की त्याही जायच्या आणि मुंग्या यायच्या. मग बाबा शिडीने कौलांवर, भाऊ राजांगणात, मी टीव्हीसमोर. बाबा वरून दांडा फिरवून विचारायचे, “आयलें?” भाऊ मला विचारायचा, “आयलें गो?” मी म्हणायची, “मुयो!” भाऊ वर कळवायचा, “मुयो!” घरात आम्ही कोंकणीच बोलतो, मराठी शाळेत, पेपरात आणि रागावल्यावर. आई खालून म्हणायची, कौल फुटलं तर जूनमध्ये भांडी तुम्हीच लावा गळतीखाली. भाऊ कंटाळला की माझं उत्तर न ऐकताच वर सांगायचा, “आयलें!” बाबा उतरायचे, हात पुसत आत यायचे, आणि टीव्हीवर मुंग्या. पुन्हा शिडी. अशा मध्यस्थाला हल्ली रिपीटर म्हणतात आणि तो विकत मिळतो. आमचा फुकट होता आणि खोटारडा होता.

३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं, त्या संध्याकाळी बातम्यांत आपण दिसणार म्हणून वाड्यावरची माणसं आमच्याकडे जमली होती. जायांच्या वळेसरांचा, म्हणजे गजऱ्यांचा, वास, घाम, पुढे मुलं, मागे म्हातारी. आणि चित्र येईना. बाबा कौलांवर. थोडं डावीकडे, थोडं मागे, आणि एकदम आलं! चक्क एकच निवेदिका. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी दांडा सोडला, चित्र गेलं. पकडला, आलं. सोडला, गेलं. शेवटी कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “मास्तर, हात काडूं नाकात!” म्हणजे, हात काढू नका.

बाबा बातम्या संपेपर्यंत दांडा धरून कौलांवर उभे राहिले. त्यांना काहीच दिसत नव्हतं. मधूनमधून विचारत, “आता काय दाखवतायत?” भाऊ आत बघून येऊन सांगायचा. काय सांगायचा कोण जाणे. त्याच्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता.

तर पासवर्ड. टाकला, घेतला, त्रिकोण गेला. दोन मिनिटांनी परत आला. तेव्हा मी लॅपटॉप उचलून, ठशाच्या यंत्राची वायर लोंबकळत, सोप्यावर आले. लॅपटॉपचा अँटेना बहुतेक वेळा पडद्याच्या कडेत लपवलेला असतो, हे मला भावानेच कधीतरी सांगितलं होतं. म्हणून पडदा थोडा मागे केला. थोडा डावीकडे. कुणी बघत नव्हतं ते बरं.

बाबा बघत होते. म्हणाले, “बिनतारी ना हे? मग राउटरच्या मागे ह्या वायरी कसल्या?” मी गप्प. “आणि वाय-फाय म्हणजे काय? वाय म्हणजे? फाय म्हणजे?” मराठीचे मास्तर, विग्रह केल्याशिवाय शब्द गिळत नाहीत. मी म्हटलं, त्याला अर्थ नाही, १९९९ मध्ये नावं काढणाऱ्या एका कंपनीने हाय-फायशी जुळतं म्हणून काढलं. त्यांना ते पटलं नाही. मलाही पटत नाही, पण आहे ते असं आहे.

पान उघडलं. बाबांचं नाव, नंबर, सगळं भरलं. बाबांनी उजव्या हाताचं बोट काचेवर ठेवलं. लाल दिवा. पुसून पुन्हा ठेवलं. लाल. खडू, नारळाची शेंडी आणि इतकी वर्षं यांत बोटाच्या रेघा गेल्यात. दुसरं बोट. तिसरं. मी एका हाताने पडदा धरून ठेवला होता, कारण सोडला की त्रिकोण येत होता.

ठिपके फिरू लागले. बाबांनी कानातलं यंत्र लावलं नव्हतं, बोट काचेवर दाबून माझ्या तोंडाकडे बघत होते.

“आयलें गो?”

“ना आजून,” मी म्हटलं. “हात काडूं नाकात.”