विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकावर चालणारे शहर

महाविद्यालयांमुळे ओळखल्या जाणाऱ्या मध्यम आकाराच्या शहराचे वर्ष जानेवारीत नव्हे, तर प्रवेशप्रक्रियेबरोबर सुरू होते. त्या आठवड्यांत गल्लोगल्ली सामान वाहणारे पालक दिसतात, भाड्याच्या खोल्या हातोहात जातात, आणि परीक्षा संपल्या की तेच रस्ते व अभ्यासिका ओस पडतात.

या शहरांचे खरे दुखणे घरांचे आहे. चार विद्यार्थी मिळून जे भाडे सहज देतात, ते एका पगारावर चालणाऱ्या कुटुंबाला झेपत नाही, आणि घरमालकालाही वरचेवर बदलणारा भाडेकरू सोयीचा वाटतो, कारण प्रत्येक वेळी भाडे वाढवता येते. याबद्दल विद्यार्थ्यांना दोष देणे मला पटत नाही. वसतिगृहे न बांधता प्रवेशसंख्या वाढवणाऱ्या संस्थांना जाब विचारायला हवा. नगरवासी आणि विद्यार्थी यांच्यातील तेढ तशी फार जुनी आहे. ऑक्सफर्डमध्ये १३५५ साली मद्यालयातील भांडणातून रक्तरंजित दंगल उसळली होती. त्याही आधी, १२०९ मध्ये, तिथल्या संघर्षामुळे बाहेर पडलेल्या विद्वानांनी केंब्रिजमध्ये विद्यापीठाचा पाया घातला.

तरीही मी अशाच शहरात राहणे पसंत करतो. लोकसंख्येच्या मानाने इथे ग्रंथालये, व्याख्याने व नाट्यप्रयोग पुष्कळ असतात, सायकलने तिथे पोहोचता येते, आणि सभागृहात निवृत्त गृहस्थांच्या शेजारी वही उघडून बसलेली कोवळ्या वयाची विद्यार्थिनी वक्त्याला बेधडक प्रश्न विचारते. पदवीला साजेशा नोकऱ्या मात्र इथे थोड्याच असतात, त्यामुळे ओळख पक्की होईपर्यंत ती मोठ्या शहराकडे निघालेली असते, याचे मला मनापासून वाईट वाटते.