थिबा राजाच्या माणकांच्या मागावर : रत्नागिरीतले दोन दिवस

रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहायला निघणाऱ्यांनी सर्वांत आधी एवढे ध्यानात ठेवावे, की तेथील वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असते. मी आणि माझी थोरली बहीण पहिल्या खेपेस नेमक्या सोमवारी पोचलो, आणि फाटकाबाहेरून तांबड्या भिंती पाहून परतलो. दुसऱ्या खेपेस मंगळवार आणि बुधवार असे दोन दिवस मोकळे ठेवले; हा वृत्तांत त्या दोन दिवसांचा आहे. आम्ही गेलो होतो ते समुद्रासाठी नव्हे. ब्रह्मदेशाच्या ज्या राजांना ‘माणकांचे स्वामी’ म्हणत, त्या घराण्याचा शेवटचा राजा आपल्या कोकणात तीस वर्षे नजरकैदेत राहिला, आणि सोबत आणलेले दागिने विकत विकत येथेच वारला. राजघराण्यांच्या माणकांविषयी वाचताना लंडन आणि यांगून यांची नावे नेहमी येतात. रत्नागिरीचे नाव मात्र राहून जाते, याची आम्हा दोघींना बरेच दिवस खंत वाटत होती.

मुंबईहून जाणाऱ्यांना कोकण रेल्वे सर्वांत सोयीची आहे. पहाटेची गाडी धरली तर दुपारपर्यंत पोचता येते, पण आरक्षण फार आधी करावे लागते, आणि पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रक वेगळे असते हे तिकीट काढण्यापूर्वी पाहून घ्यावे. स्थानक गावापासून काही किलोमीटर दूर आहे, त्यामुळे रिक्षाचे भाडे बसण्यापूर्वी ठरवलेले बरे. पुण्याहून येणाऱ्यांनी कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरून यावे. मे महिन्यात चाकरमान्यांची गर्दी आणि घामाच्या धारा दोन्ही असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

निघण्यापूर्वी थोडा इतिहास वाचून जावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण राजवाड्यात माणिक एकही नाही. जे पाहायचे आहे ते मनात घेऊनच आत शिरावे लागते. कोनबाँग घराण्याचा थिबा १८७८ साली मंडालेच्या गादीवर बसला. मंडालेच्या उत्तरेकडील डोंगरांत मोगोकच्या माणकांच्या खाणी आहेत, आणि तेथील मोठा खडा राजाच्या खजिन्यातच जमा झाला पाहिजे असा त्या राज्याचा दंडक होता. परिणाम असा झाला, की कित्येक मोठे खडे खाणीतल्या माणसांनीच फोडून लहान केले. घराण्याच्या सर्वांत प्रसिद्ध माणकाला ‘न्गा मौक’ हे नाव पडले ते ज्याला ते सापडले त्या माणसावरून. त्याने खडा दोन तुकड्यांत फोडून एकच राजाला दिला आणि दुसरा लपवून विकला, म्हणून त्याच्या कुटुंबाला जाळून मारण्यात आले, अशी मोगोकची कथा आहे. कथेचा किती भाग खरा आहे हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी राजाच्या अंगावरच्या माणकामागे कोणता धाक उभा होता, हे त्यातून नीट कळते.

ती माणके राजा वापरत कशी होता? ब्रह्मी दरबारात ‘सलवे’ नावाची सोन्याच्या सरांची माळ जानव्यासारखी खांद्यावरून छातीवर आडवी घालत. सरांची संख्या दर्जानुसार ठरे. सरदारांना तीन, सहा, नऊ, बारा, आणि राजाला चोवीस. कानांत जाड नळीसारखी कर्णभूषणे असत. माणके केवळ अंगावर नसत, तर विड्याच्या डब्यांवर आणि हंसाच्या आकाराच्या सोन्याच्या पात्रांवरही जडवलेली असत. राजापुढे ठेवलेला विड्याचा डबासुद्धा त्याचा दर्जा सांगत असे. म्हणूनच माणके गेली तेव्हा नुसती संपत्ती गेली नाही, तर राजाला ओळखण्याची खूणच गेली.

२९ नोव्हेंबर १८८५ रोजी थिबाने इंग्रजांपुढे शरणागती पत्करली. त्याआधीच्या रात्री राजवाड्यातल्या बायकांना आत-बाहेर करण्याची मोकळीक राहिली होती, आणि त्या गोंधळात पुष्कळ ऐवज नाहीसा झाला. न्गा मौक आपण इंग्रज अधिकारी कर्नल एडवर्ड स्लेडन यांच्याकडे सांभाळण्यासाठी दिले होते, असे थिबाचे म्हणणे होते. पुढे त्याने त्यासाठी सरकारकडे दाद मागितली, पण स्लेडन १८९० सालीच वारले होते आणि माणकाचा पत्ता लागला नाही. राजा, राणी सुपयालत आणि धाकटी राणी यांना प्रथम मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले.

आता राजवाड्याकडे वळते. तीन मजली, जांभ्याच्या रंगाची ही वास्तू उंचावर आहे, आणि तिच्या लाकडी कोरीव अर्धवर्तुळाकार खिडक्या लांबूनही ओळखू येतात. आम्ही दार उघडताच आत गेलो, हे फार चांगले झाले. नंतर शाळेच्या सहली येऊ लागल्या. प्रवेशशुल्क किरकोळ आहे. छायाचित्रे काढण्याआधी तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे. तळमजल्यावरील संग्रहालयातली शिल्पे पाहण्यात बराच वेळ जातो, पण ज्याला राजासाठी यायचे आहे त्याने थेट वरच्या मजल्यावरील संगमरवरी फरशीच्या दालनात जाऊन शांतपणे बसावे. समोर भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. ज्या राजाची राजधानी इरावती नदीकाठी होती, तो रोज हे पाणी पाहत असे.

येथे एक गोष्ट मला प्रकर्षाने जाणवली, आणि माझ्या मते बहुतेक पाहुणे तेथेच चुकतात. हा राजवाडा १९१० साली पूर्ण झाला आणि राजा डिसेंबर १९१६ मध्ये वारला. म्हणजे रत्नागिरीतल्या तीस वर्षांपैकी चोवीस वर्षे तो भाड्याच्या बंगल्यांत राहिला, आणि दागिने विकण्यास सुरुवात झाली ती त्या बंगल्यांत. सरकारी तनखा पुरत नसे, राजाला खर्च आवरत नसे, आणि एकेक खडा व्यापाऱ्यांच्या हाती जाई. वाड्याच्या भव्यतेकडे पाहून ‘येथे केवढे वैभव असेल’ असे वाटते. प्रत्यक्षात वाडा उभा राहिला तो वैभव बरेचसे ओसरल्यावर.

मी फोनमध्ये थिबा आणि राण्यांची त्या काळातली काही छायाचित्रे घेऊन गेले होते, आणि दालनात बसून ती मोठी करून पाहिली. तुम्हीही असे करणार असाल तर एक गोष्ट माहीत असावी : त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे हिरा पांढरा चमकतो, मोती करडा दिसतो, पण माणिक काळे पडते. कोणत्याही देशाच्या राणीच्या जुन्या छायाचित्रात गळ्यात काळे खडे दिसले, तर ते लगेच गोमेद किंवा काच समजू नये. मी हे बहिणीला सांगितले तेव्हा ती कितीतरी वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षे आपण माणकेच पाहत होतो आणि आपल्याला ती दिसत नव्हती.”

दुपारी जेवून राजाच्या समाधीकडे गेलो. ती शिवाजीनगर भागात, घरांच्या गराड्यात आहे. नकाशावर विसंबण्यापेक्षा रिक्षावाल्याला “थिबा राजाची समाधी” असे सांगावे आणि जवळ गेल्यावर पुन्हा विचारावे. तेथे राजा आणि त्याच्या आधी वारलेली धाकटी राणी यांच्या समाध्या आहेत. २०१२ साली म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन येथे दर्शनाला आले होते. सुपयालत आणि बाकीचे कुटुंब १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतले. थोरली राजकन्या मात्र पुढे रत्नागिरीस परत आली, आणि तिची मुलगी याच गावात अतिशय साधेपणाने, मराठी बोलत, जगली. त्या घराण्याचे वंशज आजही गावात आहेत. दागिन्यांच्या कुतूहलापोटी कोणी त्यांच्या दारात जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरा दिवस आम्ही बाजारपेठेसाठी ठेवला होता. आईची आई रत्नागिरीची. तिची नथ बहिणीकडे आहे, आणि “त्यातला लाल खडा थिबाच्या घरातला” असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अशा गोष्टी गावात अनेक घरांत सांगतात. एका जुन्या पेढीवर वयस्कर सराफकाका बसले होते. त्यांनी नथ हातात घेतली, भिंग लावण्याआधी काउंटरवरचा दिवा मालवला, आणि एक छोटी जांभळ्या उजेडाची बॅटरी तिच्यावर धरली. दोन लाल खड्यांपैकी वरचा विस्तवातल्या निखाऱ्यासारखा आतून पेटला. खालचा काळा ठिक्कर राहिला.

आम्ही दोघी एकदमच पुढे वाकलो, तेव्हा काका म्हणाले, “ताई, घाई करू नका. कारखान्यातलं माणिकही असंच पेटतं.” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. मोगोकचे माणिक संगमरवरात तयार होते, त्यात लोह फार कमी असते, म्हणून माणकाला लाल रंग देणाऱ्या क्रोमियम धातूचा लाल उजेड दबत नाही आणि खडा उन्हातसुद्धा आतून उजळल्यासारखा दिसतो. राजेलोकांना त्याचे वेड होते ते याच कारणाने. पण फ्रान्समध्ये ऑगस्त व्हर्नुई यांनी ज्वाळेत माणिक तयार करण्याची रीत १९०२ साली जाहीर केली, आणि त्या माणकातही क्रोमियम असतेच. थिबा रत्नागिरीत होता त्याच वर्षांत जगभरच्या बाजारात हे खडे येऊ लागले होते. म्हणून ‘दागिना शंभर वर्षांचा आहे, तेव्हा खडा अस्सलच’ हा तर्क टिकत नाही.

काकांनी मग दहापट भिंग माझ्या हाती दिले आणि खडा हळूहळू फिरवायला सांगितला. कारखान्यातल्या माणकात ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खोबणींसारख्या वळणदार रेषा दिसतात. आमच्या वरच्या खड्यात त्या नव्हत्या. एका कोपऱ्यात मात्र रेशमाच्या तंतूंसारख्या बारीक सुया एकमेकींना छेदत गेलेल्या दिसल्या. ते नैसर्गिक माणकाचे लक्षण आहे. खालच्या खड्यात गोल बुडबुडे होते. ती काच होती, कधीतरी पडलेल्या खड्याच्या जागी बसवलेली. वरचा खडा थिबाचा आहे का, असे बहिणीने विचारले. काका म्हणाले, “दगड आपल्या मालकाचं नाव सांगत नाही. कागद असेल तर सांगेल.”

हाच सल्ला मी पुढे जाणाऱ्यांना देईन. रत्नागिरीत किंवा आणखी कुठे ‘थिबाचे माणिक’ म्हणून कोणी काही विकू लागला, तर विक्रीचा जुना कागद मागावा आणि खडा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. प्रयोगशाळा माणिक खरे की कृत्रिम हे सांगेल, फार तर ते कोणत्या देशाचे असावे हेही सांगेल. ते कोणाच्या गळ्यात होते, हे सांगू शकणार नाही. लालडीपासूनही (स्पिनेल, म्हणजे माणकासारखा दिसणारा पण वेगळा लाल खडा) जपावे. लंडनच्या टॉवरमध्ये ब्रिटिश राजमुकुटावर ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ म्हणून जो सुमारे १७० कॅरटचा खडा आहे, तोसुद्धा लालडीच आहे. जिथे राजांची फसगत झाली, तिथे आपण सावध राहिलेले बरे.

ज्यांना त्या घराण्याची माणके डोळ्यांनी पाहायची आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. मंडालेचा राजचिन्हांचा संच कित्येक वर्षे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात होता. तो १९६४ मध्ये ब्रह्मदेशाला परत करण्यात आला आणि आता यांगूनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. म्यानमारमधली परिस्थिती पाहता तेथे जाण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना अवश्य वाचाव्यात. संच सांभाळल्याबद्दल ब्रह्मदेशाने हंसाच्या आकाराचे, माणके जडवलेले एक सोन्याचे पात्र लंडनच्या संग्रहालयाला भेट दिले. तेथील कायमस्वरूपी दालने विनामूल्य आहेत, पण ती वस्तू सध्या मांडलेली आहे ना, हे संकेतस्थळावर पाहून मगच जावे. राणी एलिझाबेथ यांना १९४७ साली लग्नाची भेट म्हणून ब्रह्मदेशाच्या जनतेकडून ९६ माणके मिळाली होती, माणसाला होणाऱ्या ९६ व्याधींपासून रक्षण व्हावे म्हणून एकेक, असे सांगतात. त्यांचा १९७३ साली मुकुट घडवला गेला. तो नेहमी प्रदर्शनात नसतो, म्हणून केवळ त्याच्यासाठी लंडनचा बेत आखू नये.

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता, म्हणून आम्ही थिबा पॉइंटवर जाऊन बसलो. बहिणीने नथीच्या डबीतून जुना कापूस काढला आणि वहीचा एक कागद फाडून त्यावर लिहिले : वरचा खडा नैसर्गिक माणिक, खालची काच, रत्नागिरीत भिंगाखाली पाहिले. खाली तारीख घातली, आजीचे नाव लिहिले आणि कागद घडी करून डबीत ठेवला. थिबाचे नाव तिने लिहिले नाही.