पॉल जॉन्सन यांच्या ऑप्शनवर होणारा चुकीचा आरोप

पॉल जॉन्सन हे अमेरिकन फुटबॉलमध्ये जॉर्जिया टेक या विद्यापीठ संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. त्यांचं नाव निघालं की टेकचे चाहते आजही दोन गटांत वाटले जातात. एक गट म्हणतो, 2008 ते 2018 या अकरा हंगामांत त्यांनी 82 सामने जिंकून दिले, आणखी काय हवं? दुसरा गट म्हणतो, ऑप्शन या धावण्यावर उभ्या आक्रमणपद्धतीतले तेच तेच प्ले (आखलेल्या चाली), समोरच्याला आधीच पाठ झालेले; म्हणून राज्यातला प्रतिस्पर्धी असलेल्या जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध 11 पैकी 8 सामने गेले आणि हंगामाअखेरच्या 9 बोल सामन्यांपैकी 6 गेले. आकडे दोन्हीकडचे खरे आहेत. पण दुसऱ्या गटाचं निदान चुकतं. त्या काळात उणिवा बऱ्याच होत्या. प्ले-कॉलिंग, म्हणजे कुठली चाल खेळायची हे ठरवणं, ही त्यांतली नव्हती. तीच या माणसाची सर्वांत भक्कम बाजू होती.

‘तेच तेच’ दिसणारा ट्रिपल ऑप्शन आतून कसा चालतो, ते आधी पाहू. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, सेंटरला (चेंडू मागे देणाऱ्या मधल्या लाइनमनला) खेटून उभा. त्याच्या मागे चारपाच यार्डांवर बी-बॅक (मधून धावणारा), दोन्ही टॅकलच्या (लाइनच्या टोकांच्या ब्लॉकरांच्या) बाहेर एकेक ए-बॅक (कडेने धावणारा), आणि पार कडेला दोन रिसीव्हर (पास झेलणारे). पुढच्या रांगेतल्या लाइनमनमधलं अंतर नेहमीपेक्षा जास्त, तीन फुटांच्या आसपास. स्नॅपच्या (सेंटरने चेंडू मागे देण्याच्या) जरा आधी एक ए-बॅक आडवा धावू लागतो. वेळ आली तर पिच, म्हणजे बाजूला फेकलेला चेंडू, त्यानेच घ्यायचा असतो. क्वार्टरबॅक चेंडू बी-बॅकच्या पोटाशी नेतो, पण नजर असते मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या बचावपटूवर, बहुतेक वेळा डिफेन्सिव्ह एंडवर (बचावाच्या रांगेच्या टोकाच्या खेळाडूवर). तो आत बी-बॅकवर धावला तर चेंडू काढून घ्यायचा. तो जागेवर थांबला किंवा बाहेर गेला तर बी-बॅकला देऊन टाकायचा. चेंडू काढून घेतला की पुढे दुसरा मोकळा बचावपटू येतो. तो क्वार्टरबॅकच्या अंगावर आला तर पिच, पिचवाल्याकडे गेला तर क्वार्टरबॅक स्वतःच वर घुसतो. अशा रीतीने दोन बचावपटू ब्लॉक न करताच खेळातून बाद होतात, आणि त्यांच्यासाठी लागणारे दोन ब्लॉकर लाइनबॅकर (बचावाची दुसरी फळी) आणि सेफ्टीवर (सर्वांत मागचा बचावपटू) पाठवता येतात. ज्या संघाला धिप्पाड लाइनमन सहज मिळत नाहीत, त्याच्यासाठी हे गणित फार मोलाचं आहे.

म्हणजे चेंडू कोणाकडे जाणार हे प्रशिक्षक ठरवतच नाही. त्याचं काम वेगळं: समोरच्याने या गणितावर काय तोड काढली आहे ते ओळखायचं आणि त्या तोडीची किंमत त्याला मोजायला लावायची. जॉन्सन हे काम स्वतः करत, आणि फार झटपट करत. एंड बी-बॅकला धरतोय आणि लाइनबॅकर त्याच्यामागून वळसा घालून क्वार्टरबॅकवर येतोय, असं दिसलं की टॅकलला आतून न सोडता बाहेरून त्या लाइनबॅकरवर सोडायचं. ए-बॅक हलताच सगळा बचाव त्याच दिशेला पळू लागला की काउंटर ऑप्शन, उलट्या बाजूने. आत गर्दी झाली की रॉकेट टॉस, म्हणजे पूर्ण वेगात धावणाऱ्या ए-बॅकला थेट बाहेर चेंडू. आणि सेफ्टी पिच रोखायला पुढे धावू लागला, की त्याच्या डोक्यावरून लांब पास.

हा शेवटचा भाग टीकाकार विसरतात. 2009 मध्ये टेक एका सामन्यात जेमतेम डझनभर पास टाकत होता, तरी रिसीव्हर डिमॅरियस थॉमसने त्या हंगामात 46 झेलांत 1,154 यार्ड मिळवले, म्हणजे दर झेलामागे 25 यार्ड. ती सरासरी नुसत्या त्याच्या उंचीमुळे आली नाही; सेफ्टीला धाव रोखण्याची सवय लावून, योग्य डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एकाला) पास टाकल्यामुळे आली. त्याच वर्षी चौथ्या क्रमांकावरच्या व्हर्जिनिया टेकला 28-23 हरवताना क्वार्टरबॅक जॉश नेस्बिटचा फक्त एक पास पूर्ण झाला होता. गरज नव्हती, म्हणून टाकले नाहीत. (त्या हंगामाचं एसीसी या परिषदेचं (संघांच्या गटाचं) विजेतेपद पुढे एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेने काढून घेतलं, 312 डॉलरच्या कपड्यांवरून सुरू झालेल्या प्रकरणात. मैदानावर अंतिम सामन्यात क्लेम्सनला 39-34 हरवलं होतं, हे कोणी पुसू शकत नाही.)

मग बिघडायचं कुठे? पहिली जागा म्हणजे क्वार्टरबॅक आणि बी-बॅक दोघांचेही हात चेंडूवर असतात तो क्षण. क्वार्टरबॅकने निर्णयाला उशीर केला की बी-बॅक चेंडू घट्ट धरतो, क्वार्टरबॅक ओढतो, आणि फंबल होतो, म्हणजे चेंडू हातातून सुटतो. दुसरी, पिच घाईने टाकला की चेंडू मोकळा जमिनीवर. तिसरी आणि सर्वांत महागडी म्हणजे पहिल्याच डाउनला मागे ढकललं जाणं. ऑप्शनला दर खेपेला चार-पाच यार्ड हवेत. दुसऱ्या डाउनला बारा यार्ड बाकी राहिले की पास टाकावा लागणार हे सगळ्यांना कळतं, आणि ही लाइन पास-ब्लॉकिंगसाठी घडवलेली नसते. 2010 च्या जानेवारीत ऑरेंज बोलमध्ये आयोवाने 24-14 जिंकलं ते याच वाटेने. त्यांचा डिफेन्सिव्ह एंड एड्रियन क्लेबोर्न इतक्या वेगाने आत येत होता की क्वार्टरबॅकला बचावपटूची हालचाल वाचायला वेळच उरत नव्हता. तिथे कुठला वेगळा प्ले पुकारला असता तर फरक पडला असता, हे मला कोणी पटवून दिलेलं नाही.

‘बोल सामन्याआधी तयारीला महिना मिळाला की ऑप्शन उघडा पडतो’ हा आरोपही असाच चुकीचा. 2008 च्या हंगामाअखेर बोल सामन्यात एलएसयूने (लुइझियाना स्टेट) 38-3 धुतलं, खरं आहे. पण 2014 च्या हंगामाअखेर ऑरेंज बोलमध्ये मिसिसिपी स्टेटलाही तयारीला पुरेसा वेळ होता, आणि टेकने जमिनीवरून 452 यार्ड काढत 49-34 जिंकलं. त्या वर्षी लाइन चांगली होती आणि क्वार्टरबॅक जस्टिन थॉमस बचाव वाचण्यात चुकत नव्हता.

खरा दोष पाहायचा तर 2017 चा टेनेसीविरुद्धचा सामना काढा. धावून 535 यार्ड, क्वार्टरबॅक टाक्वॉन मार्शलचे पाच टचडाउन, आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये 42-41 पराभव. शेवटी एका गुणाची किक मारून बरोबरी न साधता दोन गुणांसाठी गेले, मार्शल अडवला गेला, आणि त्या एका कॉलवर अजून भांडणं होतात. मला तो कॉल योग्यच वाटतो: आपला आक्रमक संघ तीन यार्ड काढेल ही शक्यता, आपला बचाव पुन्हा एकदा त्यांना थांबवेल यापेक्षा जास्त होती. प्रश्न विचारायचा तो बचावाबद्दल. ऑप्शन घड्याळ खातो, त्यामुळे दोन्ही संघांना चेंडू कमी वेळा मिळतो. अशा सामन्यात आपल्या बचावाने तिसऱ्या डाउनला समोरच्याला सोडलं, तर ती चूक दुप्पट महाग पडते. वॉमॅक, ग्रोह, रूफ, वूडी असे बचावाचे चार समन्वयक अकरा वर्षांत झाले आणि घडी कधी बसली नाही. त्यांना नेमणारे जॉन्सनच होते. ती जबाबदारी त्यांच्या खात्यावर मांडायलाच हवी.

जॉर्जियाविरुद्धचे तिन्ही विजय, 2008, 2014 आणि 2016 चे, जॉर्जिया राज्यातल्या अथेन्समध्ये, प्रतिस्पर्ध्याच्याच मैदानावर आले. घरच्या मैदानावर एकही नाही. चाहत्यांच्या मनातली सल मोठी आहे ती त्यामुळेच, आणि ती मला समजते.

पण ‘आधुनिक’ आक्रमण आणलं की सगळं सुधारेल म्हणणाऱ्यांनी पुढचं बघावं. जॉन्सननंतरचे प्रशिक्षक जेफ कॉलिन्स यांच्या काळात 10 विजय आणि 28 पराभव. 2019 मध्ये तर खालच्या विभागातल्या सिटाडेलने येऊन ओव्हरटाइममध्ये 27-24 हरवलं, तेही ऑप्शन खेळून.

आज मात्र तोच ऑप्शन जसाच्या तसा परत आणता येणार नाही. 2018 मध्ये कमरेखालचे ब्लॉक स्नॅपच्या रेषेपुढे पाच यार्डांपर्यंतच मर्यादित केले गेले, आणि 2022 पासून टॅकल बॉक्सच्या (दोन टॅकलमधल्या पट्ट्याच्या) बाहेर ते बंदच झाले. म्हणजे ए-बॅकने सेफ्टीला पायात घुसून पाडणं संपलं. त्याने आता उभ्याने ब्लॉक करायचा, आणि त्यासाठी जास्त वजनदार ए-बॅक लागतो. आर्मीने (अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाने) 2023 मध्ये याच कारणाने शॉटगनकडे (क्वार्टरबॅक सेंटरपासून मागे उभा राहतो त्या मांडणीकडे) वळून पाहिलं, जमलं नाही, 2024 मध्ये पुन्हा सेंटरला खेटून ऑप्शन खेळले आणि 12-2 अशा कामगिरीसह परिषदेचं विजेतेपद मिळवलं. टेकच्या चाहत्यांनी त्या संघाची लाइन मुद्दाम पाहावी, विशेषतः पहिल्या डाउनला.