तिसरा सिलिंडर

रविवार, रात्री

गाडी मिसिंग करते आहे, म्हणजे इंजिनाचा एखादा ठोका चुकतो आहे, ही तक्रार घरात प्रथम बाबांनी केली, तीही मागच्या सीटवर बसून. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी अडखळते, मान हलावी इतपत धक्के बसतात आणि नेमका त्याच वेळी डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागतो; सपाट रस्त्यावर मात्र तो नुसता लागून राहतो. १५ वर्षांहून जुन्या गाडीत पिवळा दिवा लागणे ही आमच्याकडे आता बातमी राहिलेली नाही, पण लुकलुकणाऱ्या दिव्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे पेट्रोल जळते त्या नळकांड्यात, न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटते आणि त्या उष्णतेने धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कायमचा निकामी होऊ शकतो, असा तो इशारा असतो. म्हणून तपासणीपुरती सोडून गाडी आज कोणासाठीही बाहेर काढायची नाही असे जाहीर करून मी सकाळीच बॉनेट उघडले.

जुन्या गाडीची खरी अडचण अशी की तिच्यात संशयित फार सापडतात. एअर फिल्टरकडून येणाऱ्या रबरी पाइपाला बारीक भेगा आहेत, इंजिनाची हवा कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीत काजळी धरली आहे, इंजिन माउंटिंगचे रबर दबलेले आहे, आणि ठिणगी पाडणारे प्लग कधी बदलले ते कोणालाच आठवत नाही. यांपैकी कशाकडेही बोट दाखवून ‘हेच ते’ म्हणता येईल, आणि तो भाग काढल्यावर तो खरोखरच खराब निघेल. पण भाग खराब निघाला म्हणजे बिघाड त्याच्यामुळेच होता असे ठरत नाही. नव्या गाडीत जे बिघडलेले सापडते तेच बहुधा कारण असते. या गाडीतल्या निम्म्या वस्तू कित्येक वर्षे अशाच अर्धवट झिजलेल्या स्थितीत निमूटपणे काम करीत आल्या आहेत. ओळखीच्या मेकॅनिकने तर फोनवर इंजिनाचा आवाज ऐकूनच “ताई, आता हिचं इंजिन काम निघणार” असा, म्हणजे इंजिन पूर्ण खोलावे लागणार असा, निकाल दिला. हा निकाल गाडीच्या आवाजापेक्षा तिच्या वयावरून दिलेला आहे, असे मला तेव्हाच वाटले.

गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडल्यावर पी०३०३ हा कोड मिळाला. शेवटचा आकडा सिलिंडरचा. म्हणजे तिसरा सिलिंडर मिस मारतो आहे. हे कळणे उपयोगाचे आहे, पण संगणकाला त्यापलीकडे काही कळलेले नसते, हेही ध्यानात ठेवावे लागते. सिलिंडरमध्ये डोकावण्याची सोय त्याच्यापाशी नाही. तो क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, फिरण्यावर नजर ठेवून असतो: प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटले की क्रँकला एक रेटा मिळून त्याचा वेग किंचित वाढतो, आणि ज्या सिलिंडरची पाळी असताना हा रेटा मिळत नाही त्याचे नाव नोंदवले जाते. ठिणगी पडली नाही, पेट्रोल पोहोचले नाही की दाबच तयार झाला नाही, या तिन्ही शक्यता कोडनंतरही जशाच्या तशा उभ्या राहतात. कोड वाचून लगेच सुटे भाग मागवणाऱ्यांचे मला नवल वाटते ते याचसाठी.

तिसऱ्या सिलिंडरची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज पुरवणारा भाग, उपसली तेव्हा तिचे प्लगवर बसणारे रबरी बूट तेलाने माखलेले निघाले. टॉर्च मारून पाहिले, तर प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीत तळाशी काळसर तेल साचले होते. बाकीच्या तीन विहिरी कोरड्या होत्या. इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, म्हणजे टॅपेट कव्हरचे, पॅकिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झाले की तेल असे आत झिरपते. बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी “सापडलं!” म्हणून तपास संपवूनही टाकला. मला तो तेवढ्यावर संपवायचा नव्हता, कारण हे तेल पाइपाच्या भेगांइतकेच जुने असू शकत होते. विहीर पुसून घेतली, तिसऱ्याची कॉइल पहिल्या सिलिंडरवर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवली, प्लग आणि इतर काहीही हलवले नाही, कोड पुसला आणि त्याच चढावरून एक फेरी मारली. गाडी पुन्हा अडखळली. या वेळी कोड पी०३०१ आला.

दोष कॉइलबरोबर सरकला होता, तोही कोरड्या विहिरीत. बूट उलटून उजेडात धरले तेव्हा आतल्या बाजूने खालपर्यंत गेलेली एक काळी, केसाएवढी बारीक रेघ दिसली, आणि नंतर प्लग काढला तेव्हा त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवरही तशीच एक फिकट रेघ होती. विजेने स्वतःसाठी काढलेली ही आडवाट. चढावर थ्रॉटल उघडलेले असताना सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो, आणि त्या दाबात प्लगच्या फटीतून उडी मारायला विजेला अधिक व्होल्टेज लागते. मग ती फट सोडून तेलाने सडलेल्या रबराच्या कडेने थेट इंजिनाच्या धातूत उतरते. आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, आणि सपाटीवरही दाब कमी असल्यामुळे तीच कॉइल जेमतेम निभावून नेते. सपाटीवर गाडी ठीक का चालते, याचे उत्तर मला येथे मिळाले, आणि ते मिळाले नसते तर रेघ दिसूनही माझे समाधान झाले नसते.

एक प्लग बाहेर होताच, म्हणून बाकीचेही काढून मेकॅनिकच्या निकालाचीही शहानिशा करून घेतली. इंजिन गरम होते. पेट्रोल आणि इग्निशन बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजले. आकडे १६० ते १७० पीएसआयच्या दरम्यान आले. सिलिंडर-सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक फरक पडला असता, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायचे होते: दाब वाढला तर रिंगा झिजल्या, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ती वेळच आली नाही.

गुरुवार

टॅपेट कव्हरचे पॅकिंग, विहिरींची सीले, तिसऱ्यावरून काढलेल्या त्या कॉइलच्या जागी नवी कॉइल आणि चारही प्लग बदलून झाले. नुसती कॉइल बदलली असती तर गाडी तेवढीच छान चालली असती आणि नवे बूट त्याच तेलात भिजत पडले असते. गाडी चढ आता विनातक्रार चढते. बाबांच्या मते विषय मिटला.

माझ्या मते अजून मिटलेला नाही. स्कॅनरवर आयडलला लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक १२ टक्के दिसते, म्हणजे संगणक ठरलेल्यापेक्षा तेवढे जास्त पेट्रोल सोडून मिश्रण सांभाळतो आहे. रेस वाढवली की आकडा शून्याकडे येतो. एअर फ्लो सेन्सरने न मोजलेली हवा थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी आत शिरत असली की असेच होते, कारण आयडलला मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधला, व्हॅक्यूम बराच जास्त असतो आणि एकूण हवाही थोडी, त्यामुळे गळतीचा वाटा मोठा दिसतो. भेगा पडलेला तो पाइप थ्रॉटलच्या अलीकडे आहे, तिथे आयडलला व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच, म्हणून तूर्त त्याच्यावरचा संशय मी मागे ठेवला आहे. ब्रेकला जोर देणाऱ्या ब्रेक बूस्टरचा होज (नळी) आधी चिमटून पाहायचा, मग इंजिनाच्या पोटातली वाफ खेचून घेणाऱ्या क्रँककेस व्हेंटिलेशनचा, आणि दोन्हीही निर्दोष निघाले तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटकडे वळायचे. बाबांनी शनिवारी गाडी मागितली आहे, तेव्हा हे काम रविवारी.