शोधकाच्या रकान्यात

"मॅडम, मग तुमचंबी नाव घाला की." एवढंच म्हणाले काका, पेटंटच्या अर्जासाठी माझ्याकडे आलेले अशील, चहाचा कप खाली ठेवता ठेवता. आणि संध्याकाळपासून माझं डोकं तिथंच अडकलंय.

खरं यंत्र वेगळं आहे, इथं बदलून लिहितेय. अर्ज भरण्याआधी शोध चव्हाट्यावर आणू नका, हे दिवसभर मीच लोकांना बजावत असते. तर समजा, कोळपं आहे, पिकातलं तण काढायचं अवजार. पात्याचा कोन बदलायला दर वेळी पाना शोधायला नको म्हणून काकांनी स्प्रिंगची पिन आणि भोकांची पट्टी बसवलीय. माझ्या टेबलावर पिन ओढून-सोडून दाखवत होते, कट्‌ कट्‌. टिपणं काढायची सोडून मी बोलून गेले, "भोकं कशाला? एक्सेंट्रिकची, म्हणजे मध्य सोडून फिरणाऱ्या चकतीची लिव्हर टाका, हव्या त्या कोनात आवळेल." काका गप्प. मग माझ्याच वहीच्या मागच्या पानावर आकृती काढली. "जमतंय की!" आणि मग ते वाक्य.

कायद्याला 'खरा आणि पहिला शोधक' लागतो. लिव्हर क्लेममध्ये, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क सांगतो त्या भागात घेतली तर सुचवणारीचं नाव यायला हवं, आणि अशिलाच्या शोधात वकिलाने घुसणं बरं दिसत नाही. क्लेम न करता नुसती वर्णनात ठेवली, तर अर्ज प्रसिद्ध झाल्यावर कुणीही उचलेल. काकांचं नुकसान. हे सगळं मला पाठ आहे. टोचतंय ते हे नाहीच.

टोचतंय ते हे, की मला ते नाव हवंय.

प्रत्येक अर्जावर मी असतेच की. खाली, एजंट म्हणून. वरच्या रकान्यात कधी नाही. शॉप फ्लोअर सोडला तेव्हा आई म्हणाली होती... जाऊ दे. पण मशिन ड्रॉइंगमध्ये वर्गात पहिली येणारी मुलगी आता दुसऱ्यांच्या नटबोल्टांना अर्जाच्या भाषेत 'फास्टनिंग मीन्स' म्हणत बसते, याचं आज फार वाईट वाटलं.

पेटंट ऑफिसातल्या आइन्स्टाइनचं नाव कुणी काढू नका. मला चेस्टर कार्लसन आठवतो. एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरी, रात्री लॉ कॉलेज. पेटंटांच्या प्रती मिळवायच्या कटकटीला वैतागून त्याने झेरॉक्सचं तंत्रच काढलं. १९३८ मध्ये पहिली प्रतिमा, १९४२ मध्ये पेटंट. तोही आमच्यातलाच. मीही वैतागते, पण माझ्या वैतागातून आजवर फक्त ॲसिडिटी निघाली.

जेवणं झाल्यावर राहवेना म्हणून प्रायर आर्ट, म्हणजे हे आधीच कुणी केलंय का, ते शोधायला बसले. स्वतःसाठी, फुकट. लॅपटॉप उघडला आणि लख्ख आठवलं. खाली पार्किंगमध्ये गेले, ओमच्या सायकलची सीट पाहिली. लिव्हर उलटी केली की सीट सैल, दाबली की घट्ट. क्विक-रिलीज! माझा क्रांतिकारी एक्सेंट्रिक रोज शाळेत जातो. अशिलाने हेच आणलं असतं तर मीच तोंडावर सांगितलं असतं, "यात इन्व्हेंटिव्ह स्टेप, सहज न सुचणारं नवं काही, कुठंय?" परीक्षकाच्या पहिल्या अहवालाची वाटही पाहिली नसती.

समीर म्हणाला, "रात्री अकराला सायकलशी काय बोलतेस?"

उद्या पिनेवरचं प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता पहिला अर्ज, भरते. काकांना सांगते, सायकलच्या दुकानातून एक क्विक-रिलीज आणा, शेतात लावून बघा. मातीत अडकतं का, हादऱ्याने सुटतं का. तिथं जी खटपट करावी लागेल त्यात कदाचित खरा शोध निघेल, आणि तो त्यांचाच असेल. त्यानंतर पूर्ण स्पेसिफिकेशनला, म्हणजे क्लेमसकट सविस्तर वर्णनाला, बारा महिने आहेत. नावाचं तेव्हा बघू.

तोवर मला काही सुचलंच, तर तोंड बंद ठेवणं जमेल असं मात्र वाटत नाही.