आमची वाटचाल: आधी पार्ट, मग कागद, रंग शेवटी

आमचं वर्कशॉप पुण्याजवळच्या फुरसुंगीत, सासवड रोडच्या आत एका गल्लीत आहे. काम एकच. जुने छोटे ट्रॅक्टर विकत घ्यायचे, पार बोल्टापर्यंत उघडायचे, बांधायचे आणि बागायतदाराला किंवा नर्सरीवाल्याला विकायचे. साधारण अठरा ते पंचवीस हॉर्सपॉवर, त्याच्या वर आम्ही जात नाही. पन्नासचा ट्रॅक्टर बांधणारे प्रत्येक तालुक्याच्या गावाला आहेत, छोट्याला मात्र कुणी नीट हात लावत नाही, कारण काम तेवढंच आणि मजुरी निम्मी.

धंदा खरा वडिलांचा. खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्समध्ये त्यांची नोकरी झाली. १९४६ सालचा तो कारखाना. तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी हडपसरला गाळा घेतला आणि पंपाची सिंगल सिलेंडर इंजिनं दुरुस्त करायला लागले. खडकवासल्याच्या उजव्या कालव्यावर हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन हा सगळा बागायती पट्टा, त्यामुळे इंजिनांना तोटा नव्हता. पुढे विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या आणि हडपसरच्या शेतांत टॉवर उभे राहिले. इंजिनं यायची बंद झाली, गाळ्याचं भाडं मात्र थांबेना. आम्ही दोघं भाऊ तेव्हा फुरसुंगीला आलो.

छोट्या ट्रॅक्टरकडे आम्हाला वळवलं ते सोलापूर रोडच्या नर्सऱ्यांनी. त्यांना दोन वाफ्यांमधून जाणारं, शेडनेटच्या दारातून वळणारं वाहन हवं असतं. पुरंदरच्या अंजीर-सीताफळवाल्यांना फांद्यांखालून जाणारं लागतं. नारायणगावच्या द्राक्षबागेत दोन ओळींत जागा आठ-नऊ फुटांची, वर मांडव, मागे फवारणीचा ब्लोअर. तिथे मोठा ट्रॅक्टर घातला तर ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या) मोडून येतो. नवा छोटा ट्रॅक्टर घ्यायचा तर आज लाखांत बोलावं लागतं. मग जुन्याकडे गिऱ्हाईक वळतं आणि जुना म्हटलं की घाबरतं. त्या घाबरण्यावर आमचं दुकान चालतं म्हणा ना.

खरेदीला आमचा एक नियम आहे आणि तो वडिलांनी घालून दिलाय: आधी पार्ट, मग कागद, रंग शेवटी. बेअरिंगवर नंबर असतो. ६२०५ म्हटलं की आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, रुंदी १५, मग गाडी कुठल्या का कंपनीची असेना. ऑइल सीलही मापावर मिळतं. पिस्टन-लायनर नाही मिळालं तर बोअर करून घेता येतो. पण गिअरबॉक्समधला एखादा गिअर तुटला असेल, हायड्रॉलिकचं हाउसिंग चिरलेलं असेल, तर तो ट्रॅक्टर फुकटातही महाग. म्हणून आम्ही टायर आणि बॉनेट सोडून पहिले गिअरबॉक्सचं टॉप कव्हर उघडायला सांगतो. मालक नाही म्हणाला तर चहा पिऊन परत.

दुसरं, इंजिनाच्या हेडवर हात ठेवायचा. सकाळी आठला गेलो आणि हेड कोमट लागलं, तर मालकाने आपण यायच्या आधी चालू करून ठेवलाय हे उघड आहे. गार इंजिन कसं उठतं, धूर कोणत्या रंगाचा काढतं, तेच तर बघायचं असतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा थोडा वेळ राहून गेला तर ठीक, राहिलाच तर नोझल (डिझेल फवारणारं तोंड) किंवा कॉम्प्रेशन गेलेलं. ब्लॉकला ताजा रंग दिसला की मी नखाने खरवडतो. रंगाखाली वेल्डिंग निघतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

कोणता घ्यायचा हे पार्टवरच ठरतं. मित्सुबिशी शक्ती हा तीन सिलेंडरचा, साडेअठरा हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर द्राक्षपट्ट्यात इतका पसरलाय की त्याचे पार्ट नारायणगावातही मिळतात. तो बनवणारी बेंगळुरूची व्हीएसटी कंपनी मित्सुबिशीबरोबर १९६७ साली पॉवर टिलरच्या धंद्यात उतरली. आयशरचा जुना २४१ आमच्या धाकट्या भावाचा लाडका. एक सिलेंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, म्हणजे रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होजपाइप नाही. आवाज असा की शेजारच्या वस्तीला कळतं. फरिदाबादहून आयशरने १९५९ साली भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला, तो हा घराणा. एचएमटीचा २५११ मात्र आता विचार करून घेतो. पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला, तेव्हापासून अस्सल पार्ट शोधत बसावं लागतं.

एका शक्तीचं सविस्तर सांगतो, कारण गिऱ्हाइकांना आम्ही नेमकं काय करतो ते कळावं. नारायणगावच्या पुढे एका बागेत पत्र्याच्या शेडमध्ये उभा होता. मालक वयस्कर, सगळे नाना म्हणायचे.

"नाना, शेवटचा कधी चालू केला होता?"

"मागल्या की त्याच्या मागल्या आक्टोबर छाटणीला. मंग पंपातून डिझेल गळाया लागलं, पोरानं नवा घेतला. आता पुन्याची लोकं म्हंजी भाव पाडाया आलासा का?"

भाव पाडला, पण कारण दाखवून. इंजिन जाम होतं आणि मडगार्ड, बॉनेटच्या कडा, रेडिएटरची जाळी सगळं खाल्लेलं. हे नुसत्या पावसाचं काम नव्हे. द्राक्षावर बोर्डो हे बुरशीचं औषध मारतात, त्यात मोरचूद असतं. ब्लोअरचा फवारा वाऱ्याने उलटा ट्रॅक्टरवर येतो आणि मोरचूद लोखंडाला खातं. द्राक्षबागेतला ट्रॅक्टर ओळखायचा तो या हिरवट थरावरून. फवारणीनंतर पाण्याने धुतला असता तर हे झालं नसतं, पण संध्याकाळी दमलेला माणूस ट्रॅक्टर कशाला धुतो! गिअरबॉक्स मात्र निरोगी होता, एकही दात गेलेला नाही. म्हणून घेतला.

जाम इंजिन धक्का मारून सोडवायला जाऊ नये. इंजेक्टर काढले, त्या भोकांतून डिझेल आणि रॉकेल निम्मं-निम्मं ओतलं आणि ठेवून दिलं. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून रोज थोडं मागे-पुढे. एके दिवशी सुटलं. हेड काढल्यावर कळलं की पिस्टन अडकलेच नव्हते, एका एक्झॉस्ट व्हॉल्वचा दांडा गंजून गाइडमध्ये बसला होता. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने मोजले, एक अंडाकृती झाला होता. तो ग्राइंडिंगला गेला, मेटल (क्रँकची बेअरिंगं) अंडरसाइज बसवले. व्हॉल्व पेस्ट लावून हाताने घासले. डिझेल पंप आणि नोझल पंपाच्या लॅबला. पंपाला आम्ही घरी हात लावत नाही, तिथे केसाच्या अंतराचं काम आहे आणि त्याला टेस्ट बेंच लागतो.

डिझेल टाकीत गंज होता. त्यात नट-बोल्टांची मूठ आणि थोडं डिझेल टाकून कारागीर दुपारभर ती हलवत बसला. नवीन पोरगं कामाला आलं की त्याला पहिलं हेच काम मिळतं.

शेवटी एअर, म्हणजे डिझेलच्या लाइनीतली हवा, काढणं. फिल्टरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारत राहायचं, फेस यायचा थांबून सलग डिझेल आलं की आवळायचं. मग पंपाचा. मग इंजेक्टरचे नट एकेक करून सैल ठेवून स्टार्टर मारायचा, तिथून थेंब उडाले की आवळायचे. तिसरा नट आवळायच्या आतच दोन सिलेंडरवर तो उठला, पांढऱ्या धुराने गल्ली भरली आणि समोरच्या वहिनींनी वाळत घातलेले कपडे आत नेले.

यंत्रापेक्षा जास्त वेळ कागदाने खाल्ला. आरसीवर बोजा, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, होता. कर्ज कधीच फिटलेलं, पण बोजा उतरवायचा राहून गेलेला. बँकेचा दाखला, फॉर्म ३५, मग नावावर करायला २९ आणि ३०. चासी नंबर गंजाखाली, तो पॉलिश पेपरने उघडा करून दाखवावा लागला. आता नियमच केलाय: बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत.

हल्ली वेगळं गिऱ्हाईक यायला लागलंय. मुळशी-पानशेतकडे फार्महाऊस असलेली मंडळी. बाणेरचे एक साहेब बरीच वर्षं अमेरिकेत होते, त्यांना तिकडच्यासारखा 'गार्डन ट्रॅक्टर' हवा होता. तिकडे इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली कब कॅडेट आणला, जॉन डिअरने १९६३ साली ११० काढला. दोन्हींना सात हॉर्सपॉवरचं कोहलरचं पेट्रोल इंजिन, पोटाखाली गवत कापायचं पातं. जुने गोळा करून पुन्हा बांधणारे हौशी लोक तिकडे भरपूर आहेत, त्यांना पार्टही मिळतात. मी त्यांना म्हटलं, साहेब, तो बोटीने आणाल, पण गॅस्केट फाटलं की पुन्हा बोटीची वाट बघाल. जॉन डिअरचा कारखाना इथे सणसवाडीत आहे खरा, पण तिथे तुमचा ११० कुणी ओळखायचा नाही. ते हसले आणि भावाने बांधलेला २४१ घेऊन गेले. गवत हातातल्या ग्रास कटरने कापतात आणि पाहुणे आले की ट्रॅक्टर चालू करून दाखवतात. आमची हरकत नाही, पैसे तेवढेच.

वर्षाचं गणित मुहूर्तांवर असतं. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया. दसऱ्याला डिलिव्हरी द्यायची तर नवरात्रात रंग सुकत नाही, हवेत दमट असतं. खंडेनवमीला आम्ही पाने-स्पॅनर मांडून पूजा करतो आणि त्या दिवशी कुठल्याही नटाला हात लावायचा नाही, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. ते उभं असतंच.

सध्या एक शक्ती आणि एक २४१ उघडलेले आहेत. जुना ट्रॅक्टर दाखवायला आणणाऱ्यांना एकच विनंती: धुऊन आणू नका. तेल कुठून गळतंय ते मातीच्या थरावरूनच कळतं. सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरने धुऊन, वर डिझेल मारून चकचकीत आणलात तर आम्हाला तो आठवडाभर चालवून पुन्हा घाण करावा लागतो, आणि ते डिझेल बिलात लागतं.