शार्लटचं नॅसकार हॉल ऑफ फेम, नक्की बघा

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला जाणं झालं तर नॅसकार हॉल ऑफ फेम, म्हणजे नॅसकार या अमेरिकन कार रेसिंगमधल्या मानकऱ्यांचं म्युझियम, अजिबात चुकवू नका, रेसिंगमधलं काही कळत नसलं तरी जा. २०१० मध्ये सुरू झालंय हे, आणि आत शिरलं की ग्लोरी रोड नावाचा एक रॅम्प आहे ज्यावर जुन्या-नव्या खऱ्या गाड्या लावल्यात, आणि तो रॅम्प हळूहळू तिरपा होत जातो, शेवटी थेट ३३ अंश, म्हणजे टॅलडेगाच्या प्रसिद्ध रेस ट्रॅकएवढा! टीव्हीवर हा उतार कळतच नाही हो.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर दारूची भट्टी. हो, खरंच! या खेळातले सुरुवातीचे बरेच ड्रायव्हर चोरटी दारू पोचवणारे, पोलिसांना चुकवायला गाड्यांच्या इंजिनांची ताकद वाढवायचे. ज्युनियर जॉन्सन हा ड्रायव्हर तर चोरट्या दारूपायी तुरुंगात गेला, आणि २०१० च्या पहिल्या पाच मानकऱ्यांत तोच, म्युझियमसाठी भट्टीही त्यानेच बनवून दिली. हे लपवलं नाही याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि वेंडेल स्कॉट. १९६३ मध्ये जॅक्सनव्हिलची रेस या कृष्णवर्णीय ड्रायव्हरने जिंकली पण विजेता म्हणून तिथे दुसऱ्यालाच जाहीर केलं, काही तासांनी चूक मान्य केली तोवर प्रेक्षक घरी गेलेले. हॉल ऑफ फेममध्ये नाव आलं २०१५ ला, तेव्हा तो जाऊन २४ वर्षं झाली होती. फार उशीर केला यांनी, फारच.